सुपरमॅन: तेराचा लावायचा की पंचविसाचा?

रविवारी तांबडा-पांढरा ओरपून झाला, सगळे हॉलमध्ये लवंडले आणि कुणीतरी म्हणालं, ‘सुपरमॅन लावा की.’ इथपर्यंत एकमत असतं. कुठला, म्हटलं की घर फुटतं. कॉलेजातला भाऊ हेन्री कॅव्हिलशिवाय दुसऱ्याला सुपरमॅन मानायला तयार नसतो, धाकट्यांना कुत्रेवाला नवा हवा असतो आणि काकांच्या मते १९७८ वाल्या ख्रिस्तोफर रीव्हनंतर कुणी झालाच नाही.

रिमोट कुणाला द्यायचा ते ठरवण्याआधी हिशेब मांडू. ‘मॅन ऑफ स्टील’ २०१३ चा, दिग्दर्शक झॅक स्नायडर, नायक हेन्री कॅव्हिल, लांबी १४३ मिनिटं. ‘सुपरमॅन’ २०२५ चा, दिग्दर्शक जेम्स गन, नायक डेव्हिड कोरेन्स्वेट, लांबी १२९ मिनिटं. दोन्ही रीबूट, म्हणजे आधीचं सगळं पुसून पाटी कोरी. हा प्रकार कोल्हापूरला काही नवा नाही. फाळक्यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणलेला हरिश्चंद्र प्रभातने १९३२ मध्ये इथंच बोलता केला. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट. गोष्ट प्रत्येकाला पाठ होती. लोक बघायला गेले ते ह्यांनी ती कशी सांगितलीय हे.

पुढं दोन्हींचे शेवट थोडे फुटणार आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी थेट शेवटचे पाच परिच्छेद वाचावेत.

मार्क सारखे, भांडण मोठं

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था पहिल्या खेळातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी विचारते. गंमत अशी की दोन्ही पिक्चरना तिथं एकच श्रेणी मिळाली: ए वजा. जगभरचा गल्लाही फार लांब नाही. पहिल्याचा सुमारे ६७ कोटी डॉलर, दुसऱ्याचा ६१ कोटींच्या वर. फरक पडला तो समीक्षकांत. समीक्षकांचे कौल मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोज ह्या साइटवर स्नायडरचा साठ टक्क्यांच्या आत अडकला, गनचा ऐंशीच्या पुढं गेला. म्हणजे तिकीट काढून गेलेल्या माणसाला दोन्ही आवडले. वाद घरी आल्यावर सुरू झाला.

त्या वादात सिनेमाबाहेरचं एक दुखणंही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ब्लॅक अॅडम’ ह्या पिक्चरच्या शेवटी कॅव्हिल सुपरमॅन म्हणून क्षणभर दिसला, तो परत येणार असं जाहीर झालं आणि डिसेंबरात तो बेत मोडला. त्याच्या चाहत्यांचा राग बऱ्याच अंशी त्या वागणुकीवरचा आहे. नव्या पिक्चरला शून्य गुण देणाऱ्यांच्या मतातून एवढा भाग वजा करूनच वाचावं. उलट, स्नायडरच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांतले निम्मे त्यानं २०१६ मध्ये काढलेल्या पुढच्या भागाचा, ‘बॅटमॅन व्ही सुपरमॅन’चा, राग ह्या पिक्चरवर काढत असतात.

सुरुवात

‘मॅन ऑफ स्टील’ जन्मापासून सुरू होतो. पहिली वीसेक मिनिटं क्रिप्टॉन ग्रहावर जातात: बाळंतपण, लष्करी बंड, ग्रहाचा स्फोट. मग एकदम दाढी वाढवलेला क्लार्क, म्हणजे मोठा झालेला सुपरमॅन, मासेमारीच्या बोटीवर दिसतो आणि त्याचं बालपण मधूनमधून तुकड्यांत येत राहतं. काका चहा टाकायला उठले आणि पाच मिनिटांनी परत आले की विचारणार, ‘हे आधीचं का नंतरचं?’ सलग बसायची तयारी असेल तरच हा लावा.

गनने जन्मकथा गाळलीच. पडद्यावर काही ओळी येतात, त्यात तीनचा पाढा: तीन शतकांपूर्वी, तीन दशकांपूर्वी, तीन वर्षांपूर्वी, असं करत तीन मिनिटांपूर्वी सुपरमॅन पहिल्यांदाच हरला, इथवर. आणि लगेच तो अंटार्क्टिकाच्या बर्फात आपटतो. हाडं मोडलेली, तोंडातून रक्त; शीळ घालून कुत्र्याला बोलावतो आणि ते कुत्रं त्याला वाचवायचं सोडून आधी त्याच्यावर नाचतं. पहिल्या पाच मिनिटांत पिक्चरचा पोत कळतो. इथं जो हसला तो शेवटपर्यंत बसतो, जो वैतागला त्यानं तेव्हाच उठलेलं बरं. सोबत गोष्ट माहीत नसलेलं पोरगं असेल तर आधी दोन वाक्यांत सांगून टाका: फुटत्या ग्रहावरून आईबापांनी ह्याला पृथ्वीवर पाठवला, कॅन्ससमधल्या एका शेतकरी जोडप्यानं वाढवला. एवढं पुरतं.

पण ह्या नव्या पिक्चरमध्ये नावांचा फार घोळ. बोराव्हिया, जारहानपूर हे देश, मग अंगठीवाला हिरवा, पंख आणि गदावाली, तोंडावर टी रंगवलेला. ‘हा कोण?’ हा प्रश्न घरात दहा वेळा येणार. कुणाचाही पूर्वेतिहास माहीत असायची गरज नाही. तिघं भाडोत्री हिरो आहेत, बस्स. खरी ढिलाई मधल्या अर्ध्या तासात, खलनायक लेक्स लूथरनं बनवलेल्या ‘खिशातल्या विश्वात’ आहे. तिथं सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं वाटतं आणि धोका अंगाला लागत नाही. नव्या पिक्चरवरच्या तक्रारींपैकी ही पूर्ण रास्त.

खार

दोन्ही बाजूंची मतं सगळ्यात जास्त तापतात ती पडझडीवर.

‘मॅन ऑफ स्टील’चा शेवटचा पाऊण तास जवळपास सलग मारामारी आहे. क्रिप्टॉनवर बंड करणाऱ्या खलनायक झॉडचं यंत्र पृथ्वीच्या दोन टोकांना उतरतं, एक मेट्रोपोलिस शहरावर आणि दुसरं हिंदी महासागरात. सुपरमॅन महासागराकडं जातो. शहर पिठासारखं दळलं जात असताना नायक दुसऱ्या गोलार्धात, ही पटकथेचीच निवड. परत आल्यावर तो झॉडला इमारतींमधून आरपार फेकत राहतो, आणि शेवटी स्टेशनात एका कुटुंबावर झॉड डोळ्यातली आग वळवायला लागल्यावर त्याची मान मोडतो. विरोधकांचं म्हणणं: मरणारी चार माणसं शेवटी दिसली, त्याआधीची हजारो कुठं दिसली? समर्थकांचं उत्तरही फेकून देण्यासारखं नाही. ह्या गड्याची ही पहिलीच कुस्ती, समोर जन्मापासून लढाईसाठीच घडवलेला माणूस. आखाड्यात उतरल्या उतरल्या पुढ्यात हिंदकेसरी आला, तर प्रेक्षकांत कोण बसलंय हे बघायला उसंत कुणाला?

गनच्या पिक्चरमध्ये भर रस्त्यात एक अजस्र जनावर थैमान घालत असतं आणि सुपरमॅन लढता लढता एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. ह्या खारीवर इंटरनेटवर जेवढी टिंगल झाली तेवढी पिक्चरमधल्या दुसऱ्या कशाची झाली नसेल. पोरखेळ, म्हणे.

कोल्हापूरच्या प्रेक्षकानं मात्र ही टिंगल जरा जपून करावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं रिकामी करताना बोटवाल्यांना सगळ्यात जड गेलं ते म्हैस दावणीला सोडून बोटीत यायला तयार नसलेल्या माणसांना हलवणं. माणूस वाचवायला गेलं की त्याचं जनावरही मोजावं लागतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला ती खार विनोद वाटत नाही. गनचा सुपरमॅन मारामारीत सारखा खाली बघत असतो: कोण अडकलंय, कुणाची गाडी दबतीय. शेवटी शहराला चीर पडायला लागते तेव्हा लोक आधी हलवले जातात. त्यामुळं मारामारीची धार कमी होते, हे कबूल. स्नायडरच्या एका ठोशाला जे वजन आहे ते गनच्या दहा ठोशांना नाही.

कुत्रं आणि बाप

दोन्हीत एक कुत्रं आहे, आणि दोन पिक्चरमधला सगळा फरक त्या दोन कुत्र्यांत मावतो.

तेराच्या पिक्चरमध्ये चक्रीवादळ येतं, गाडीत कुत्रं अडकतं. केव्हिन कॉस्टनरचा जोनाथन केंट त्याला सोडवायला जातो आणि स्वतः सापडतो. क्लार्क त्याला पापणी लवायच्या आत आणू शकला असता. बाप हात वर करून ‘येऊ नकोस’ म्हणतो, कारण पोराची शक्ती जगाला कळायला नको. त्याआधी नदीत पडलेली शाळेची बस क्लार्कनं वाचवलेली असते, तेव्हा ‘मग मरू द्यायचं होतं का?’ ह्या प्रश्नावर ह्याच बापानं ‘कदाचित’ म्हटलेलं असतं. कॉस्टनरनं हे इतकं जीव ओतून केलंय की घशात आवंढा येतो, आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, हा कसला सल्ला? आवडणाऱ्यांना तो भेदरलेला खरा बाप वाटतो. न आवडणाऱ्यांच्या मते इथं सुपरमॅनचा पायाच चुकला.

पंचविसातला क्रिप्टो झगा घालतो, उडतो, काही ऐकत नाही. गनने तो स्वतःच्या ओझू नावाच्या उनाड कुत्र्यावरून घेतलाय. लूथर त्याला पळवतो आणि सुपरमॅन दुसऱ्या कशापेक्षा ह्यावर जास्त भडकतो. बापही वेगळा: जाडजूड, साधा, घराच्या ओट्यावर पोराशेजारी बसून सांगतो की आईबापांनी पोरांना कसं व्हायचं ते सांगायचं नसतं, अवजारं हातात द्यायची असतात. हा प्रसंग येतो तो क्रिप्टॉनच्या खऱ्या आईबापांचा निरोप उलटा निघाल्यानंतर. त्यांनी पोराला पृथ्वीवर राज्य करायला पाठवलेलं असतं. हा बदल कॉमिकच्या जुन्या वाचकांना अजिबात पचलेला नाही. तरी ओट्यावरच्या प्रसंगाला जोर येतो तो त्यामुळंच.

पत्रकार नायिका लोइसच्या बाबतीत नवा सरस, वादच नाही. एमी अॅडम्सला धावायला खूप लावलंय, बोलायला कमी. रेचल ब्रॉस्नहनची लोइस स्वतःच्या प्रियकराची मुलाखत घेते, आणि तो दहा-बारा मिनिटांचा बंद खोलीतला प्रसंग पिक्चरमधला उत्तम. एकही ठोसा नाही. खलनायकांत मात्र मायकल शॅननचा झॉड जास्त लक्षात राहतो. निकोलस होल्टचा लूथर जळफळाटानं चालतो, आणि नेटवर शिव्या टाकायला त्यानं माकडं बसवलीत, हा टोला मस्त.

लावण्याआधी

‘मॅन ऑफ स्टील’ करडा-निळा आणि काळोखी आहे. दुपारी खिडक्या उघड्या ठेवून लावला तर क्रिप्टॉनचा भाग दिसणारच नाही; पडदे ओढा. टीव्हीचं ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर हलता कॅमेरा सीरियलसारखा दिसतो. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील. चौकट रुंद आहे, टीव्ही बिघडलेला नाही. गनचा पडदा जवळपास पूर्ण भरतो, रंग भडक आहेत, दिवसाही चालतो. त्यात रुंद भिंगामुळं कडेचे चेहरे ओढल्यासारखे दिसतात, तेही तसंच आहे. आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर असेल तर हान्स झिमरच्या ढोलांपुढं संवाद बुडतात. सबटायटल चालू ठेवा. नव्यात १९७८ ची जॉन विल्यम्सची धून गिटारवर येते. काकांचा विरोध तिथं मावळतो.

भाषा: स्नायडरचा हिंदीत निभतो, बोलणं कमी आहे. गनचा इंग्रजीतच घ्या. एकमेकांचं बोलणं तोडत चाललेली ती मुलाखत डबिंगमध्ये सपाट होते. भारतातल्या थिएटरांत सेन्सॉरनं सुपरमॅन-लोइसच्या चुंबनावर सुमारे ३३ सेकंदांची कात्री चालवली होती, म्हणून शेवटाकडं चित्र एकदम उडी मारतं. थिएटरात दिग्दर्शकाला नावं ठेवून आलेल्यांनी तेवढी परत घ्यावीत.

लहान मुलं असतील तर तीन ठिकाणी रिमोट हातात ठेवा. जुन्यात मान मोडण्याचा प्रसंग आणि कवट्यांच्या ढिगात रुतण्याचं स्वप्न. नव्यात, तो कुत्र्याचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका: सुपरमॅनला फुकट खाऊ घालणारा फलाफलवाला मलिक आहे, त्याला लूथर सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत डोक्यात गोळी घालतो. रक्तबंबाळ काही दिसत नाही, पण आठ-नऊ वर्षांचं पोर गप्प होतं.

तर मग: घरात दहाच्या आतलं कुणी असेल किंवा मंडळी मधूनमधून उठणारी असतील, तर पंचविसाचा. रात्री नऊनंतर, दिवे मालवून, मोठ्या आवाजात, मारामारीसाठी बसलेल्या चार दोस्तांना तेराचा. तिथं नवा फिका पडेल. तो आवडून पुढं जायचं तर २०१६ च्या भागाची तीन तासांची आवृत्ती घ्या, थिएटरातली अडीच तासांची नको, तिच्यात कारणंच कापली गेलीत. मग स्नायडरचं २४२ मिनिटांचं ‘जस्टिस लीग’. तिन्ही मिळून साडेनऊ तास, आणि तो रस्ता तिथंच संपतो. काकांचा १९७८ चा लावायचा असेल तर तोही १४३ मिनिटांचाच, आणि रीव्ह त्या वेषात दिसायला जवळपास पाऊण तास जातो, हे पोरांना आधी सांगून ठेवा.

‘मॅन ऑफ स्टील’ संपला की टीव्ही बंद करा, नावांनंतर काही नाही. ‘सुपरमॅन’मध्ये दोन तुकडे आहेत. पहिला नावं सुरू झाल्यावर थोड्याच वेळात: सुपरमॅन आणि क्रिप्टो चंद्रावर बसलेत. दुसऱ्यासाठी सगळी नावं संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्यात सुपरमॅन आणि तो तोंडावर टी रंगवलेला एवढ्यावरच भांडतात की चीर पडलेली इमारत परत जोडताना रेष जरा सरकली.