पावसाळा ते शिगमो: फोनचा कॅमेरा आणि त्यातली नको असलेली अॅप

पावसाच्या तोंडावर हा ५० मेगापिक्सेलवाला फोन घेतला, गोव्यातली चवथ (गणेश चतुर्थी) झाली, आता शिगमोही (होळीचा सण) झाला, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या उजेडात वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही.

आधी अॅपचं बोलतो कारण डोकेदुखी तिथेच जास्त. सेटअप करतानाच सुचवलेल्या अॅपचं एक पान येतं, सगळ्यांवर आधीच टिक, घाईत पुढे दाबलं की गेम, शॉपिंग, कर्ज देणारी अॅप धडाधड उतरतात. ती काढता तरी येतात हो, पण कंपनीचा स्वतःचा ब्राउझर आणि अॅप स्टोअर यांना अनइन्स्टॉलचं बटणच नाही, आणि नोटिफिकेशन मात्र दिवसभर त्यांचीच. शेवटी लॅपटॉपला जोडून काढली: फोनच्या सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, यूएसबी डीबगिंग चालू, मग एडीबीची (लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायचं साधन) कमांड. यात अॅप फक्त आपल्या यूजरपुरतं जातं, सिस्टिममध्ये मूळ फाईल राहतेच, त्यामुळे जागा फारशी सुटत नाही आणि फॅक्टरी रिसेट मारला की सगळी परत हजर. पण बॅकग्राउंडला चालायची थांबतात, कॅमेरा उघडायला जो वेळ लागायचा तो कमी झाला. कुठलं अॅप कशाचं ते शोधल्याशिवाय उडवू नका, सिस्टिमचं काही गेलं तर फोन चालूच व्हायचा नाही. २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७ कोटींचा दंड लावला तेव्हा आधीच टाकलेली गुगलची अॅप लोकांना काढू द्या असंही आदेशात होतं, मग फोन कंपन्यांच्या स्वतःच्या अॅपना वेगळा न्याय का? फोनचे पैसे आपण मोजतो.

आता फोटो. घरात जुना एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा आहे, १८ मेगापिक्सेलचा, दोन्ही शेजारी ठेवूनच बघितलं. माटोळीच्या (चवथीला गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची सजावट) फोटोत फोन सरळ पुढे. खोली लहान, समयांचा उजेड आणि मागे उघडी खिडकी, तरी फोनने चार-पाच फ्रेम जोडून सुपारीच्या घोसातली एकेक सुपारी, कांगलां, तोरिंगां ही फळं, सगळं नीट दाखवलं, डीएसएलआरला हे करायला रॉ (प्रक्रिया न केलेली फाईल) काढून नंतर एडिट करत बसावं लागतं.

पण फोंड्याच्या रोमटामेळात (शिगम्याची नाचत निघणारी मिरवणूक) हिशेब उलटा झाला. रात्रीची वेळ, ढोल-ताशे जोरात, माणसं उड्या मारतायत, आणि फोनचा नाईट मोड तेच फ्रेम जोडायचं काम करतो त्यामुळे एका नाचणाऱ्याचा उचललेला हात दोन पुसट हात होऊन आला. डीएसएलआरला ५० मिमीची एफ १.८ लेन्स, शटर १/२५०, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००. दाणे आले, मान्य, पण चेहरा चेहऱ्यासारखा आणि हवेतला गुलाल जिथल्या तिथे. फोनचा सेन्सर साधारण ६ बाय ५ मिलिमीटर, डीएसएलआरचा २२ बाय १५, म्हणजे क्षेत्रफळ दहापटीच्या आसपास, तिथे ५० मेगापिक्सेलचा आकडा काय करणार, तसेही चार-चार पिक्सेल एकत्र करून शेवटी फोटो साडेबारा मेगापिक्सेलचाच निघतो. मागचे २ मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळून काढायचा) आणि डेप्थ (मागचं धूसर करायला अंतर मोजणारा) कॅमेरे तर नुसते संख्या वाढवायला, एकही ठेवण्यासारखा फोटो आला नाही.

रायबंदरहून फेरीने चोडणला गेलो तर खाजणाच्या (खाऱ्या पाण्याकाठची सखल जमीन) झाडीत खंड्या बसलेला, फोनच्या १० एक्स झूममध्ये पंख रंग फासल्यासारखे, डीएसएलआरच्या २५० मिमीच्या लेन्समध्ये पीस न पीस वेगळं.

भर पावसात मात्र फोनच बाहेर काढायचा. आमच्या हवेत लेन्सला बुरशी लवकर लागते, लेन्स कापडी बॅगेत न ठेवता सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून परत वापरा. सेकंडहँड लेन्स घेत असाल तर आरपार टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.