उद्यमबागेतलं गॅरेज: झेनला टर्बो लावायला गेलो, इस्टीमचं इंजिन घालून आलो

बेळगावात गाडीचं असलं वेडं काम कोण करून देतंय म्हणून कायम कोणीतरी विचारतंय, त्यासाठी लिहितोय. गॅरेज उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत आतल्या गल्लीत हाय, बोर्ड म्हणजे एक गंजका पत्रा, त्यामुळं नाव सांगून कायच उपयोग नाही. तिथल्या कुठल्या पण टर्नरला झेन-जिप्सीवाले मेस्त्री कुठं बसतात विचारा, बोट दाखवतोय.

माझी मारुती झेन जुनी कार्बोरेटरवाली, 993 सीसी, 50 बीएचपी. गाडी सोन्यासारखी, खरं चौघं बसून एसी लावून चोर्ला घाट चढायचा म्हटलं की दुसरा गिअर सुटतच नाही. त्यात बेळगावच मुळात अडीच हजार फुटांवर, हवा पातळ, बिनटर्बो इंजिनाची सात टक्क्यांच्या आसपास ताकद इथंच गेलेली असते. टर्बोवाल्याला तेवढा त्रास नाही, तो हवा दाबून भरतोय, त्या दाबालाच बूस्ट म्हणतात. म्हणून माझ्या डोक्यात टर्बोच होता.

मेस्त्रींनी नको म्हटलं नाही, ही मला आवडलेली गोष्ट. कागद घेतला आणि काय काय लागतंय ते लिहीत बसले. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवीन, ते इथंच होतंय, उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथ काय कमी हाईत का. टर्बोचा शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमनं फिरतोय, त्याला दाबानं तेल न्यायची लाईन, आणि परतीचं तेल उतारानं आपोआप यायला पाहिजे म्हणून संपला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) वेगळं भोक. इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारा), त्याचे पाईप, क्लच जरा दणकट. इथपर्यंत मी मान डोलवत होतो. मग म्हणाले, "आणि साहेब, कार्बोरेटरवर बूस्ट द्यायचं म्हणजे कार्बोरेटर पण दाबाखाली धरायला लागतोय, फ्लोटपासून जेटपर्यंत सगळं बदला, नाहीतर सरळ इंजेक्शन करा. इंजेक्शन करायचं तर इंजेक्टर, टाकीतला पंप, सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आलं. एवढं सगळं विकत घेणार, तर हे सगळं लावलेलं इस्टीमचं इंजिनच का आणत नाही?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मारुती इस्टीमचं जी13बीबी इंजिन म्हणजे 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह, 85 बीएचपी, आणि झेनच्या इंजिनाच्याच घराण्यातलं, त्यामुळं माउंटिंगला फार कापाकापी लागत नाही. गिअरबॉक्स पण इस्टीमचाच घेतला, वायरिंग आणि ईसीयू त्याच गाडीचं, रेडिएटर मोठा, पुढचे ब्रेक पण वरचे घातले कारण ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवणं म्हणजे मरायची तयारी. साडेसातशे किलोच्या आसपासची गाडी आणि त्यात हे इंजिन, आता चोर्ला तिसऱ्यावर चढतोय आणि वर मजा म्हणजे पार्ट कुठं पण मिळतोय, खानापुरात पण आणि निपाणीत पण.

टर्बोचं खरं दुखणं पार्टात नाहीच, ट्यूनिंगमध्ये हाय, आणि हे कोण सांगत नाही. बूस्ट वाढला की सिलिंडरमध्ये उष्णता आणि दाब वाढतोय, ठिणगीची आग पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटतंय, त्यालाच नॉकिंग म्हणतात. इग्निशन किती मागं घ्यायचं, पेट्रोल किती जास्त द्यायचं हे प्रत्येक आरपीएमला बघून बसवायला लागतंय आणि त्यासाठी डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन) आणि तो वाचणारा माणूस पाहिजे. मला अशा कामाला माणूस सापडले ते पुण्यात नाहीतर बेंगळूरात. एकदा जाऊन भागत नाही, पार्ट बदलला की परत जा. आमच्या एका दोस्तानं हॅचबॅकला बाहेरच्या एका दुकानातून टर्बो किट बसवून घेतला, मॅप म्हणून (ईसीयूतला पेट्रोल-इग्निशनचा तक्ता) कुठलातरी तयार तक्ता टाकून दिला, कोगनोळी नाक्याच्या पुढं हायवेला गाडी दाबली आणि पिस्टनची रिंग-लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटली. आजकालच्या बिनटर्बो पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) तर दहा-अकराच्या घरात असतंय, त्यांना हवा कोंबायला जागाच थोडी. कंपनीकडून टर्बो येणाऱ्या इंजिनात पिस्टन, तेल, कूलिंग सगळं पहिल्यापासूनच त्या हिशोबानं असतंय. एवढाच टर्बोचा सोस असला तर जुनी बलेनो आरएस बघा, बूस्टरजेट 1.0, शंभरच्या आसपास बीएचपी, वॉरंटीच्या वेळचं तरी डोकं खाऊन झालेलं असतंय.

ज्यांची गाडी आधीच एमपीएफआय (इंजेक्शनवाली) हाय, इंजिन निरोगी हाय आणि 0.3-0.4 बार बूस्टवर समाधान मानायची तयारी हाय, त्यांनी टर्बोचा विचार करावा. आमच्यातले बहुतेक जण तिथं थांबणारे नाहीत ते सोडा.

आता गॅरेजच्या तक्रारी. गणपतीच्या आधी देतो म्हणाले, दसरा झाल्यावर गाडी हातात आली. मशिनिंग एक नंबर, अडॅप्टर बघून पैसे वसूल वाटतात, खरं वायरिंगला टेप गुंडाळलाय तो बघून इलेक्ट्रिशियन हसला, ते मी नंतर दुसरीकडून नीट करून घेतलं. खर्च लाखाच्या आत-बाहेर गेला, त्यात ब्रेक आणि क्लच धरून. दर पहिल्यांदा सांगितला त्याच्यापेक्षा थोडा वाढला, पण प्रत्येक वाढीव पार्ट समोर दाखवून. पावती हातानं लिहिलेली.

आणि आरटीओचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हाय, 2019 ला सुप्रीम कोर्टानं पण कंपनीच्या मूळ रचनेत फरक करायचा नाही असं सांगितलंय. इंजिन नंबर आरसीवर असतोय, म्हणून दुसरं इंजिन घालायच्या आधीच आरटीओत जाऊन परवानगी मिळतीय का ते विचारा, मागाहून नाही, नाहीतर ॲक्सिडेंटला विमावाला पहिला नंबरच बघणार. टर्बोला इंजिन नंबर बदलत नाही म्हणून लोक गप्प बसतात, खरं बदल तो पण बदलच. मेस्त्री या कागदपत्रात पडत नाहीत, डोनर म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेल्या इंजिनाची खरेदीची पावती आणि जुन्या गाडीचे कागद तुम्हीच मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत.

पाचपैकी चार. रविवारी बंद, आणि दुपारी जेवायच्या वेळेला जाऊ नका, मेस्त्री झोपलेले असतात.