विंडोज ११ चं ‘नेटवर्क रिसेट’: ५ पैकी ३ तारे

रात्री अपडेट झालं, सकाळी टास्कबारवर वाय-फायच्या जागी पृथ्वीचा गोळा आणि नेट गुल. मग घाईत हात जातो तो याच बटणाकडे: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रिसेट. बटण कामाचं, पण दांडगट. सगळे नेटवर्क अडॅप्टर (नेटला जोडणारे कॉम्प्युटरमधले भाग) काढून पुन्हा बसवतं, त्यात वाय-फायचे साठवलेले पासवर्ड आणि हाताने भरलेला ‘फिक्स’ आयपी (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता) पुसला जातो. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) पुन्हा बसवावं लागू शकतं हे ते सांगतं, फिक्स आयपीचं मात्र नाव घेत नाही. एक तारा तिथेच कापला.

केबलवाल्या भाऊंनी फिक्स आयपी भरून दिला असेल, तर आधी अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ उघडून मोबाइलवर फोटो काढा: आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा). डायलर (लॉगिन करून नेट जोडणारं कनेक्शन) असेल तर युजरनेम-पासवर्डही कागदावर घ्या. नाहीतर रविवारी भाऊंना फोन लावत बसा.

खरं तर रिसेटपर्यंत जायची वेळ कमीच येते. त्याच वाय-फायवर मोबाइलचं नेट चालतं का पाहा. चालत नसेल तर दोष कॉम्प्युटरचा नाही. चालत असेल तर ‘शट डाउन’ नको, ‘रिस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून आयपी मिळालेला नाही. पत्ता ठीक, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंगही (उत्तर येतं का ते पाहणारी कमांड) जातं, पण साइट उघडत नाही? मग डीएनएस बघा. अशा गोंधळात रिसेट खरंच उपयोगी पडतं. पाचेक मिनिटांत मशीन आपोआप रिस्टार्ट होतं, म्हणून उघड्या फाइल आधी सेव्ह करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरवर पिवळा त्रिकोण असेल तर मात्र दोष ड्रायव्हरचा (अडॅप्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा). रिसेट बहुतेकदा तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा बसवतं, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. तिथे प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते पुसट दिसत असेल तर मागे जायला जुना ड्रायव्हर नाही. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलमधून कॉम्प्युटरला देणं) सुरू करा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात नेऊन ‘फॉर्मॅट मारावं लागेल’ ऐकण्याआधी एवढं तरी करून पाहाच.

कधी दोष अपडेटचाच असतो. डिसेंबर २०२३ च्या केबी ५०३३३७५ या अपडेटनंतर काही मशीन कॉलेज-ऑफिसच्या वाय-फायला जोडलीच जात नव्हती. शेवटी मायक्रोसॉफ्टने तो बदल मागे घेतला. अशा वेळी रिसेटवर वेळ घालवू नका. विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री, अनइन्स्टॉल अपडेट्स. मोठं व्हर्जन बदललं असेल तर जुन्यावर परतायच्या ‘गो बॅक’ साठी साधारण १० दिवसच मिळतात. रिसेटला असा परतीचा रस्ता नाही, दुसरा तारा त्याचा गेला.