दोन रेषा की एक वक्र?

हर्णै बंदराच्या पश्चिमेला १६ किमीवरची होडी ताशी ८ किमीने बंदराकडे येतेय. त्याच क्षणी दुसरी बंदरातून ताशी ६ किमीने दक्षिणेला सुटते, असं मानू. त्या एकमेकींच्या सर्वांत जवळ कधी येतात?

प्रत्येकीचं बंदरापासूनचं अंतर वेळेनुसार आलेखावर मांडलं की दोन सरळ रेषा. काढायला सोप्या, पण फसव्या. सुमारे ६९ मिनिटांनी त्या छेदतात आणि मुलं लिहितात, ‘होड्या भेटल्या’. खरं तर तेव्हा दोघी बंदरापासून सारख्याच दूर असतात. एकमेकींपासून मात्र ९.७ किमीवर!

पायथागोरस वापरून थेट आपसातलं अंतर मांडा: क तासांनी √(१००क² − २५६क + २५६). आकडेमोड वाढते, पण वक्राचा तळ सुमारे ७७ मिनिटांनी, ९.६ किमीवर दिसतो. अकरावीला मी हाच आलेख आधी काढायला लावेन.