पंधरा वर्षांचा श्रोता आणि दारावरचा बाउन्सर: पुण्यातल्या लाइव्ह संगीताच्या जागा

पुण्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला समोर बसून संगीत ऐकायचं असेल, तर कुठलं संगीत ऐकायचं यावर त्याला आत सोडणार की नाही हे ठरतं. मारवा राग ऐकायचा असेल तर आजीच्या मांडीवरचं बाळसुद्धा मांडवात येतं. ड्रम-बास-गिटार ऐकायचं असेल तर दारातच वय विचारतात, कारण स्वतःची गाणी रचणारे बँड जिथे वाजवतात ती बहुतेक स्टेजं बारच्या आत आहेत. १२ ते १७ वयाच्या श्रोत्यासाठी कुठली जागा कशी आहे, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

बारपासूनच सुरुवात करू, कारण घोडं तिथेच अडलंय. कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर या पट्ट्यात ज्या ठिकाणी आठवड्यातून एक-दोन दिवस गिग, म्हणजे बँडचे छोटे कार्यक्रम, असतात, तिथली आवाजाची व्यवस्था इतर कुठल्याही छोट्या जागेपेक्षा चांगली असते. बसवलेला पीए (श्रोत्यांकडे तोंड असलेले मोठे स्पीकर), वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून वेगळे मॉनिटर, ड्रमला माइक, कन्सोलवर, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलावर, पगारी साउंड इंजिनिअर. म्हणजे बँड शिकू पाहणाऱ्या मुलाने जे पाहायला हवं ते सगळं इथेच आहे, आणि त्याला मात्र प्रवेश नाही.

कायदा असा आहे: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूसाठी २५. त्यामुळे दारावरच्या माणसापुढे एकाच रांगेत तीन गट उभे असतात: २१ खालचे, २१ ते २५, आणि २५ वरचे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू मिळाल्याचं पोलिसांनी सांगितलं. उत्पादन शुल्क खात्याने पबना टाळं ठोकलं. तेव्हापासून दारावर कुणी जोखीम घेत नाही, आणि ते योग्यच आहे. दोन घरांतली तरुण माणसं गेली; त्यापुढे एखादी गिग चुकणं ही काही तक्रार होऊ शकत नाही.

पण बंदी दारू देण्यावर हवी, ती ऐकण्यावर लादली जाते. हे दोन्ही वेगळं करणं अवघड नाही, त्याला शिस्त लागते. सध्या ती कुठे ढासळते ते सांगतो.

पहिली गोष्ट फोन. टेबल बुक करणाऱ्याला ‘मुलं आली तर चालतील का’ असं विचारलं की ‘चालेल ना सर’ असंच उत्तर येतं. तो संध्याकाळी सातच्या जेवणाबद्दल बोलत असतो. साडेआठला दारावर माणूस बदलतो, नियम बदलतो, आणि आत बसलेल्या कुटुंबाला पहिला बँड सुरू होताना उठवलं जातं. म्हणून प्रश्न नेमका विचारावा: ‘सोळा वर्षांच्या मुलीला गिग संपेपर्यंत बसू द्याल का? पालक सोबत आहेत. दारावरच्यांना हे माहीत असेल का?’ उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावं. तिकीट ऑनलाइन असेल तर वयाची अट बहुधा खाली बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये दडलेली असते, आणि दारावरून परत पाठवलं तर पैसे परत मिळतील अशी आशा ठेवू नये.

दुसरी गोष्ट ओळखपत्र. जुन्या आधार कार्डावर कित्येकांचं फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे, तारीख नाही. काठावरच्या वयाला त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कार्ड अद्ययावत करून घ्यावं किंवा पॅन न्यावं. डिजीलॉकरमधली प्रत बऱ्याच ठिकाणी चालते, स्क्रीनशॉट चालत नाही. कमी वयाच्या श्रोत्याला प्रवेश असेल तिथेही त्याचं ओळखपत्र लागतंच. आपण लहान आहोत हे त्यालाही सिद्ध करावं लागतं, नाहीतर त्याच्या मनगटावर चुकीच्या रंगाचा पट्टा बसतो.

आणि तो पट्टा, तोच या सगळ्या व्यवस्थेचा कणा. कागदासारखा दिसणारा, न फाटणारा टायव्हेकचा पट्टा, एका टोकाला गोंद. पट्टा आणि मनगट यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट बसवायचा आणि गोंदाचं टोक दोन सेकंद दाबून धरायचं. गोंदाच्या भागाला बारीक चिरा असतात. पट्टा सोलायला गेलं की तो त्या चिरांवर फाटतो आणि दुसऱ्याच्या हातावर लागत नाही. हे सगळं वाया कधी जातं? पट्टे ग्राहकाच्या हातात देऊन ‘लावून घ्या’ म्हटलं की. मग तो सैल बसतो आणि स्वच्छतागृहात हाताबदली होते. मार्करने कमी वयाच्यांच्या हातावर फुली मारणं अजून कच्चं, सॅनिटायझरने ती जाते. फुलीची पद्धत अमेरिकेतल्या क्लबांतून आली आणि १९८० पासून वॉशिंग्टनच्या पंक रॉक वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्या पोरांनी ती अभिमानाने मिरवली. ते खूण म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. २१ खालच्यांना एक रंग, तो बारटेंडरला दहा फुटांवरून दिसेल असा भडक, आणि बारच्या काउंटरपासून बसण्याची जागा लांब. एवढं केलं तरी बराचसा प्रश्न सुटतो. उरलेला प्रश्न मोठ्यांचा आहे: टेबलावरचा ग्लास पुढे सरकवणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो.

मालकाचं गणितही समजून घेतलं पाहिजे. कव्हर चार्ज, म्हणजे दारात घेतलेले पैसे, खाण्यापिण्यात वळता होतो, आणि बँडचं मानधन निघतं ते दारूच्या बिलातून. पंधरा वर्षांचा श्रोता एक कोल्ड कॉफी आणि फ्राइजची प्लेट घेऊन अडीच तास खुर्ची अडवतो. नुसतं ‘मुलांनाही येऊ द्या’ म्हणून तो ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

म्हणून दोन उपाय सुचवावेसे वाटतात. एक, दुपारचा खेळ. रात्रीच्या गिगचा साउंडचेक, म्हणजे आवाज जुळवून पाहणं, एरवीही चार ते सहाच्या दरम्यान होतोच. तोच वाढवून ४ ते ६ असा पाऊण-पाऊण तासाच्या दोन बँडचा कार्यक्रम करायचा, बारचं शटर खाली आणि कुलूप लावलेलं, तिकीट ठरावीक, ते खाण्यात वळतं होणार नाही, तिकिटाचे पैसे बँड आणि साउंड इंजिनिअरला. इथे तीन चुका नेहमी होतात. शटर अर्धवट खाली ठेवतात. संध्याकाळची टेबलं सहाचीच दिलेली असतात, त्यामुळे मुलं आणि पिणारे दारात एकमेकांना भिडतात. मध्ये अर्धा तास मोकळा हवा. आणि इंजिनिअरला दुपारचे वेगळे पैसे न देता राबवतात, मग तो पुढच्या महिन्यात येत नाही. धूम्रपानाची वेगळी खोली असेल तर तिथे १८ खालच्यांना पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा त्या खोलीलाही कुलूप.

दुसरा उपाय याहून सोपा, आणि तो कुणी का करत नाही याचं नवल वाटतं: ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या तिन्ही दिवशी दारू विकताच येत नाही, शाळेलाही अभ्यासाची सुट्टी, किचन चालू, आणि हजारो वॉटचा पीए कापडाखाली झाकून पडलेला. त्या दिवशी बारचा धंदा बुडणार हे ठरलेलंच आहे. तिकिटातून जे मिळेल ते वरचं.

दारूशिवाय अशी जागा चालते का, याचं उत्तर कॅलिफोर्नियात बर्कलीला ९२४ गिलमन स्ट्रीटवर मिळतं. ३१ डिसेंबर १९८६ ला सुरू झालेला हा क्लब: सर्व वयांना प्रवेश, दारू-अमली पदार्थ-मारामारी बंद, काम स्वयंसेवकांचं. ग्रीन डे हा प्रसिद्ध रॉक बँड शाळकरी वयात तिथेच वाजवत मोठा झाला. दार पंधरा वर्षांच्या मुलाला उघडं असलं तर पंधरा वर्षांचा वादकही तयार होतो.

आता कान, कारण पालकांनी खरी काळजी याचीच करायला हवी. छोट्या खोलीत ड्रमसेटमधले स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) आणि सिंबल (पितळी झांजा) माइकशिवायच कर्कश असतात, त्यामुळे ‘आवाज कमी करा’ म्हटलं तर इंजिनिअर फक्त गायकाला बुडवू शकतो, ड्रमला नाही. ८५ डेसिबल ८ तास हे कामगारांसाठीचं प्रमाण. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जे प्रमाण दिलं त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असंच आहे. फोनवरचं मीटर अंदाजापुरतं वापरावं. त्याहून सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात घालायचे प्लग लागतातच.

फोमचे प्लग स्वस्त, पण बहुतेक जण चुकीचे घालतात. बोटांत वळून बारीक दोरीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारून अर्धा मिनिट बोट लावून ठेवायचं, तो फुगेपर्यंत. नंतर ओठ मिटून गुणगुणायचं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बसला, नाही घुमला तर पुन्हा. मुलांच्या कानाला मोठ्यांचा आकार बसत नाही, हळूहळू बाहेर येतो. लहान मापाचा घ्यावा. फोम वरचे स्वर जास्त खातो, गाणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं, आणि दहा मिनिटांत मुलं ते काढून टाकतात. फिल्टरचे, संगीतासाठीचे प्लग महाग पडतात, पण कानात राहतात. पाकिटावर २५ डेसिबल लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात निम्मं धरावं: १०० चे ८८ झाले तर चार तासांची सोय झाली. कापसाचे बोळे निरुपयोगी. उभं राहायचं ते कन्सोलच्या बाजूला. इंजिनिअर जे ऐकून जुळवतो ते तिथेच ऐकू येतं, आणि स्पीकरही लांब असतात.

जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या कोल्डप्ले कार्यक्रमाआधी तिथल्या बाल संरक्षण अधिकाऱ्यांनी कानांच्या संरक्षणाशिवाय मुलांना येऊ देऊ नका असं आयोजकांना बजावलं होतं. असं आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत कुणी बजावलं तर बरं होईल. गिगला मुलाला न नेणारी घरं चार वर्षांच्या पोराला डीजेच्या भिंतीपुढे खांद्यावर घेऊन उभी राहतात.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाबद्दल कमी लिहून चालेल, कारण तिथे प्रवेशाचा प्रश्नच नाही. १९५३ पासून चालू, डिसेंबरात, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. नवशिक्या श्रोत्याला नेताना भारतीय बैठकीत रांगेच्या टोकाची जागा धरावी. ख्याल पाऊण तास चालतो आणि आलापीत उठणं शोभत नाही. पहिल्या वेळी वाद्याची जुगलबंदी असेल तो दिवस निवडावा. आठनंतर सतरंजी खालून गार पडते. पाठीला शाल नेतात, खाली घालायला जाड चादर विसरतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद, वर्षात मोजके दिवस १२ पर्यंत सवलत, ती सवाईत शनिवारी वापरली जाते. शाळकरी श्रोत्याला १० चा नियम वरदानच आहे. मुंबईला जाणं जमत असेल तर एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर जरूर दाखवावं: १९८० चं, अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सनने आखलेलं, भारतीय संगीत डोळ्यासमोर ठेवून. वयाची अट त्या-त्या कार्यक्रमाप्रमाणे असते, तिकीट काढतानाच पाहावी.

राहिले कॅफे आणि संगीत वर्गांचे छोटे हॉल. प्रवेश सगळ्यांना, मन मोठं, आवाज गरीब. दोन स्पीकर, आठ चॅनेलचा मिक्सर, ड्रमऐवजी कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), आणि नेमक्या शांत कडव्याला कॉफीचं ग्राइंडर. ओपन माइकला पहिल्यांदा उभं राहायला ही उत्तम जागा आहे. पूर्ण बँड कसा वाजतो हे मात्र इथे कळत नाही. ड्रम शिकणारी मुलगी इथे वर्षभर येऊन कहोनच शिकेल.

कुठल्याही बंद जागेत मुलाला बसवण्याआधी दुसरा दरवाजा कुठे आहे ते पाहावं, आणि तो उघडतो का तेही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलला १४ जण गेले, त्यातले कित्येक स्वच्छतागृहात सापडले. दुसऱ्या दारापुढे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले दिसले तर तिकीट वाया गेलं तरी चालेल, परत फिरावं.

एखाद्या मालकाला पटलं असेल तर पुढच्या २ ऑक्टोबरला दुपारी ३ ते ६ धरावेत. दोन बँड, त्यातला एक शाळा-कॉलेजच्या पोरांचा. पोरांचा बँड आधी वाजवावा, म्हणजे ड्रम त्यांच्या उंचीला लावून मग मोठ्यांसाठी वर करता येतात. उलट केलं की पहिली दहा मिनिटं स्टूल खाली-वर करण्यातच जातात. दारावर प्लगचा डबा ठेवावा, लहान मापाचे वेगळे.