जळगावच्या हॉलसाठी अस्पेनच्या झाडांचा कॅनव्हास की पत्र्याचे डोंगर?
आमच्या पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर दुपारनंतर थेट ऊन येतं, आणि मे महिन्यात पारा 45 च्या घरात. तिथे कॅनव्हास प्रिंट लावला तर अस्पेनची पिवळी पानं हळूहळू फिकी पडणार. पत्र्यात कापलेली डोंगररांग सोपी, धूळ पुसली की झालं. जड असते, एवढंच. ड्रिल मारावं लागतं.

तरी माझं मन कॅनव्हासवरच. अस्पेनच्या पांढऱ्या बुंध्यावर गळलेल्या फांद्यांच्या खुणा काळ्या डोळ्यांसारख्या दिसतात, पत्र्यात ते कुठून आणणार? अमेरिकेतल्या यूटामधलं ‘पांडो’ तर अख्खं जंगल वाटतं, पण ते सुमारे 43 हेक्टरवर पसरलेलं, एकाच मुळाचं झाड!

शेवटी कॅनव्हास आतल्या खोलीत गेला. हॉलमध्ये डोंगर लागले. पाहुणे त्यांना सातपुडाच समजतात.