साताऱ्याच्या ब्रुअरीतले सहा ग्लास: आधी साधी मागवा

सातारा शहराच्या जरा बाहेर, पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या या छोट्या ब्रुअरीत फळ्यावर सहा बिअर लिहिलेल्या असतात. बहुतेक टेबलांवर पहिली ऑर्डर स्ट्रॉबेरीची जाते. दिसायला गुलाबी, शिवाय महाबळेश्वर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ते साहजिकच आहे. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. इथे काय जमतं आणि काय नाही हे कळायला हवं असेल तर सुरुवात हेफेवायझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) आणि लागर (थंडीत सावकाश आंबवलेली फिकट बिअर) यांनी करा. या दोन्ही बिअरमध्ये दडवायला जागा नसते. गूळ, फळ, भाजका माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) यांच्या आड बारीकसारीक चुका लपतात, साध्या बिअरमध्ये त्या पहिल्या घोटाला समोर येतात.

सहाही बिअरचा ट्रे मिळतो, प्रत्येकी १०० मिलीचे ग्लास. चव घ्यायला एवढं पुरतं, पण ग्लास एकदम आणून ठेवतात ही अडचण. शेवटच्याकडे वळेपर्यंत तिचा फेस बसलेला आणि गॅस उडालेला असतो. तीन-तीन करून आणा म्हणून सांगितलं तर आणतात. क्रम हलक्याकडून जडाकडे: लागर, हेफेवायझन, ज्वारीची सेझॉन, मग स्ट्रॉबेरी, गुळाची स्टाउट (भाजक्या माल्टची काळी बिअर) आणि सगळ्यात शेवटी हॉप्सने कडवट केलेली आयपीए. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा जिभेवर बसला की नंतरची नाजूक बिअर पाण्यासारखी लागते.

गुण ५० पैकी दिले आहेत, स्पर्धांमध्ये परीक्षक वापरतात त्या बीजेसीपीच्या (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) पद्धतीने: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त तीनच, हे गुलाबी ग्लास मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. तिशीच्या वर गेलेली बिअर पुन्हा मागवण्यासारखी, अडतीसच्या वरची मुद्दाम वाट वाकडी करून प्यावी अशी.

हेफेवायझन, ४.८ टक्के अल्कोहोल. गढूळसर पिवळी, वर दोन बोटं पांढराशुभ्र फेस, आणि तो टिकतो. नाक जवळ नेलं की पिकलेलं केळं आणि मागून लवंग. यातलं काहीही वरून घातलेलं नसतं, दोन्ही वास यीस्ट तयार करतं. लवंगेच्या वासासाठी माल्ट भिजवताना सुरुवातीला ४३ ते ४५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, तेव्हा यीस्टला लागणारा कच्चा माल सुटतो. केळ्याचा वास आंबवण्याच्या तापमानावर ठरतो. टाकी १७-१८ अंशांवर ठेवली तर लवंग पुढे येते, २२ च्या वर गेली की केळं बाकी सगळ्यावर मात करतं. इथे केळं थोडं वरचढ आहे, म्हणजे टाकी जरा गरम चालवत असावेत. पण तोल सुटलेला नाही, गॅस भरपूर आहे, शेवट स्वच्छ आणि किंचित आंबूस. अर्धा लिटरच्या ग्लासात मागवा, लहान ग्लासात फेसाला जागाच उरत नाही. ३९.

लागर, ४.५ टक्के. दिसायला सहांत सर्वांत देखणी: काचेसारखी नितळ, फिकट सोनेरी. पहिला घोट बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला घशापाशी लोणी लागतं, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवर असतं तसलं, आणि जिभेवर तुळतुळीत थर राहतो. हा डायअसिटिल या लोण्यासारख्या वासाच्या पदार्थाचा दोष. लागरचं यीस्ट ९ ते १२ अंशांवर हळूहळू काम करतं. काम करताना ते एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं पुढे बिअरमध्येच डायअसिटिल होतं. यीस्टला थोडा वेळ दिला तर ते हे डायअसिटिल पुन्हा खाऊन टाकतं. त्यासाठी आंबवणं संपत आलं की टाकी १६ ते १८ अंशांपर्यंत चढू द्यायची, दोन-तीन दिवस तशीच ठेवायची आणि मगच थंड करायची. लहान ब्रुअरीत टाक्या मोजक्या आणि शनिवार-रविवारी गर्दी ठरलेली. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत टॅपवर येते, लागरला नुसतं थंडीत मुरायलाच चार ते सहा आठवडे हवेत. म्हणून टाकी लवकर रिकामी करण्याचा मोह होतो, आणि यीस्ट थंडीने खाली बसलं की लोणी जागच्या जागी राहतं.

दोष टाकीतला की नळीतला, हे बसल्या जागी ओळखता येतं. टॅपच्या नळ्या दोन-दोन आठवड्यांनी कॉस्टिकने धुतल्या नाहीत तर त्यात जिवाणू वाढतात, तेही लोणीच देतात, पण जोडीला आंबटपणा येतो आणि बहुधा एकाहून जास्त टॅपवर जाणवतो. इथे बाकी पाचही स्वच्छ आहेत आणि लागरमध्ये आंबटपणा नाही, म्हणजे गडबड टाकीत. ब्रुअरसाठी याची सोपी चाचणी आहे: केगमध्ये (टॅपला जोडायच्या पिंपात) भरण्याआधी दोन नमुने घ्यायचे, एक झाकण लावून ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, गार करायचा आणि दुसऱ्याशी वास ताडून बघायचा. तापवलेल्यात लोणी आलं तर ती बिअर अजून तयार नाही. गिऱ्हाइकाने एवढंच करावं: ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं कोमट होऊ द्यावा. चार अंशांवर लपलेलं सगळं बाहेर येतं. २४.

ज्वारीची सेझॉन, ५.६ टक्के. या जागेची खरी कमाई ही, आणि गंमत म्हणजे फळ्यावर ती सगळ्यात खाली लिहिलेली असते. माण-खटावकडची रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, साधारण तीस टक्के आणि बाकी बार्लीचा माल्ट, असं मिश्रण इथे सांगतात. ज्वारीची बिअर करणं वाटतं तेवढं सोपं नाही. बार्लीतले एन्झाइम ६२ ते ६८ अंशांत पिठाची साखर करतात, पण ज्वारीचं पीठ फुलायला सत्तरच्या आसपास किंवा त्याहून वर तापमान लागतं. नुसती मिसळून ठेवली तर ज्वारी कच्चीच राहते, साखर कमी मिळते आणि बिअर ढगाळ, पिठूळ लागते. म्हणून कण्या शिजवतात तशी ती वेगळ्या भांड्यात उकळून मऊ करायची, गार करत ६५-६६ वर आणायची आणि मग माल्टमध्ये मिसळायची. दुसरी कटकट गाळणीची. बार्लीचं टरफल गाळणीसारखं काम करतं, ज्वारीला ते नसतं, त्यामुळे थर घट्ट बसतो आणि रस खाली उतरतच नाही. त्यात भाताची टरफलं मिसळली की वाट मोकळी होते. लाल ज्वारीच्या काही जातींत टॅनिन जास्त असल्याने बिअर तुरट होऊ शकते, पांढऱ्या शाळूत ती भीती कमी.

सेझॉन ही मुळात बेल्जियमची शेतावरची बिअर, आणि तिचं यीस्ट २५ ते ३० अंशांतही आनंदाने चालतं. बाकीच्या बिअरना उन्हाळ्यात थंड ठेवण्यावर जी वीज जाते तीही इथे वाचते. हे यीस्ट साखर जवळपास पूर्ण संपवतं, म्हणून शेवट अगदी कोरडा. वासाला मिरी, संत्र्याची साल आणि मागे धान्याचा हलका भाजका वास. त्यात भाकरी शोधू नका, तीस टक्क्यांत ज्वारी एवढी बोलत नाही. तिचं काम बिअरचं अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, हलकं ठेवायचं, आणि ते ती चोख करते. उणीव एकच: फेस पटकन बसतो. एक सूचना मात्र गंभीरपणे: ज्वारीची म्हणून हिला ग्लुटेनमुक्त समजू नका, सत्तर टक्के बार्ली आहेच. ४१, सहांत पहिली.

स्ट्रॉबेरी व्हीट, ४.५ टक्के. खरी स्ट्रॉबेरी बिअरमध्ये घातली की तिची साखर यीस्ट खाऊन टाकतं, रंग फिका पडत पडत नारिंगी-पिवळट होतो आणि उरतो तो आंबटपणा व पुसटसा वास. नीट जाणवायला लिटरला शंभर-दोनशे ग्रॅम फळ लागतं, तेही आंबवणं संपत आल्यावर घातलेलं. इथल्या ग्लासाचा झगझगीत गुलाबी रंग आणि शेवटी ओठांवर राहणारा गोडवा सांगतो की सरबताचा हात सढळ आहे. खालची गव्हाची बिअर चांगली आहे, म्हणूनच वाईट वाटतं. हंगामात, डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान, ताज्या फळाची करत असतील तर मत बदलू. आज २२.

गुळाची स्टाउट, ६ टक्के. गूळ घातला म्हणून बिअर गोड होईल असं वाटतं, होतं उलटं. गूळ जवळपास सगळाच आंबतो, त्यामुळे दारूचं प्रमाण चढतं आणि अंग पातळ होतं. मागे राहतो तो काकवीसारखा वास, तोही गूळ गडद असेल तरच. पिवळाधमक, हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) मारलेला गूळ वापरला तर गंधकाचा उग्र वास येण्याची भीती असते. इथला गडदच असावा, कारण वास स्वच्छ आहे: कॉफी, करपायला आलेला पाव, मागे काकवी. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट बऱ्याचदा जास्त असतं. फिकट बिअरला ते मारक, माल्टचा आंबटपणा हवा तेवढा येत नाही आणि कडवटपणा खरबरीत होतो. त्यासाठी आरओचं पाणी घेऊन त्यात मोजून जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालावं लागतं. काळ्या माल्टची आम्लता मात्र त्या पाण्याला सांभाळून घेते, त्यामुळे स्टाउट अशा पाण्यातही जमून जाते. तक्रार तापमानाची: सगळ्या टॅपना एकच कूलर, त्यामुळे स्टाउटही चार अंशांवर येते आणि मुकी लागते. दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, दहा अंशांच्या आसपास आली की उघडते. ३६.

आयपीए, ६.२ टक्के, फळ्यावर कडवटपणा ५५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). पपनसाची साल, थोडा आंबा, शेवटी चांगला टणक कडूपणा. हिच्यात सगळा खेळ ताजेपणाचा. हॉप्स बाहेरच्या देशांतून गोळ्यांच्या रूपात येतात. पाकीट फोडल्यावर हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवलं नाही तर त्यांना जुन्या चीजचा वास लागतो. इथे तो नाही. पण केग महिनाभर टॅपवर राहिला की पपनस जातं आणि नुसता कडूपणा उरतो. केग कधी लावला हे विचारा, उत्तर देतात. दोन आठवड्यांच्या आतला असेल तर ३५, त्यानंतरचा असेल तर तेच पैसे सेझॉनवर घाला.

ग्लासबद्दल. बुडबुडे ग्लासाच्या आतल्या भिंतीला चिकटून बसले असतील तर तिथे तेल किंवा साबण आहे असं समजा, आणि अशा ग्लासात कोणत्याच बिअरचा फेस टिकत नाही. बर्फाचा थर चढलेला ग्लास दिला तर साधा मागून घ्या. बर्फ वितळून बिअरमध्येच उतरतो आणि गारठलेल्या जिभेला चव कळत नाही. ग्लास बदलून द्यायला इथे कुरकुर करत नाहीत, ही जमेची बाजू.

खाण्यात चखण्याला सांगलीचं भडंग ठेवतात. चांगलंच असतं, पण त्यातला लसूण आणि तिखट यांच्यापुढे लागर आणि हेफेवायझन टिकत नाहीत. चव घेताना साधे कुरमुरे किंवा पाव मागवा, भडंग गप्पांच्या फेरीला. सेझॉनबरोबर सुकं मटण फार छान जातं, तिचा कोरडेपणा तेल कापतो. आयपीएबरोबर झणझणीत काही नको, कडूपणाने तिखट आणखी पेटतं. स्टाउटला अख्खा मसूर चालतो, पण तिची खरी जोडी मेनूवर नाही: साताऱ्याचा कंदी पेढा. खरपूस भाजलेला खवा आणि काळा माल्ट एकाच घरातले लागतात. पेढे गावातून घेऊन जा, बाहेरचं खाणं आणलं म्हणून कोणी हरकत घेतली तर एक त्यांच्याही हातावर ठेवा.

जागा महामार्गावर आहे, त्यामुळे हिशोब मांडूनच बसा. सहा ग्लासांचा ट्रे म्हणजे ६०० मिली आणि त्यात जवळपास २५ ग्रॅम अल्कोहोल. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, आणि साधारण साठ-पासष्ट किलोच्या माणसाने हा ट्रे तासाभरात संपवला तर तो ती सहज ओलांडतो. पुण्याकडे खंबाटकी घाट आहे आणि रात्री तिथे ट्रकची रांग असते. न पिणारा ड्रायव्हर बरोबर न्या, किंवा रात्री साताऱ्यातच मुक्काम करा.